वर्षभरात मंदावलेली एसएसडी, नागपूरचा उन्हाळा आणि कपाटात ठेवायचा बॅकअप

कळमना_हिशेब (प्रश्न)

नमस्कार. कळमना बाजारातील काही अडत्यांच्या पावत्या, तोलाई-हमालीच्या नोंदी आणि रोजची खातेवही सांभाळणारे एक छोटे कार्यालय आम्ही इतवारीत चालवतो. सर्व नोंदी एकाच संगणकावरील पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असतात आणि सात-आठ जण त्यावर एकाच वेळी काम करतात. चौदा महिन्यांपूर्वी जुनी हार्ड डिस्क काढून आम्ही ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (चिपवर मजकूर साठवणारी वेगवान डिस्क) बसवली. पहिले काही महिने काम इतके झपाट्याने होत असे की, खर्च सार्थकी लागला असे सर्वांनाच वाटले. आता मात्र दर तासाला काही मिनिटे सगळे थबकते. पावतीचे बटण दाबल्यावर गिऱ्हाईक समोर उभे असते आणि पडदा हलत नाही. दुपारी हा त्रास अधिक होतो. सोमवारी सकाळी मात्र यंत्र बऱ्यापैकी चालते. रविवारी त्याला सुटी मिळते म्हणून असेल, असे आमचा एक कारकून गमतीने म्हणतो. प्रत्यक्षात रविवारी कार्यालय बंद असले तरी संगणक चालूच असतो.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ज्या एसएसडीत फिरणारा एकही भाग नाही, ती कालांतराने मंद का व्हावी? आमच्या वापरात ती आणखी किती दिवस टिकेल, हे कशावरून ओळखावे? आणि नवी एसएसडी घेतलीच, तर जुनीवर सर्व हिशेबांची प्रत उतरवून ती कार्यालयाच्या लोखंडी कपाटात ठेवून दिली तर चालेल का? आमचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे, आणि मे महिन्यात ती भिंत रात्रीही गरम असते, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.

सोनेगाव_निवृत्त

महिन्यातून एकदा डिफ्रॅगमेंटेशन करावे, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र आणावेत. आमच्या कार्यालयात वर्षानुवर्षे हाच नियम होता आणि मंदावलेला संगणक त्यानंतर हमखास सुधारत असे. त्यानेही फरक पडला नाही तर एसएसडी बदलून टाकावी. स्वस्तातली घेतली असेल, तर आणखी काय होणार?

पान_आणि_ब्लॉक

वरील सल्ला हार्ड डिस्कच्या काळात बरोबर होता, कारण तेथे वाचणारे डोके एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यात वेळ जात असे. एसएसडीत तशी धावपळ नाही. डिफ्रॅगमेंटेशनने येथे केवळ अनावश्यक लेखन वाढेल, म्हणजे आधीच थकलेल्याच्या पाठीवर आणखी एक पोते.

मंद होण्याचे मूळ कारण एसएसडीत वापरल्या जाणाऱ्या फ्लॅश स्मृतीच्या रचनेतच आहे. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नॅंड हा प्रकार. कॅमेऱ्याच्या फ्लॅशप्रमाणे एका झटक्यात मोठा भाग पुसला जातो, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने हे नाव सुचवले. नॅंडचा स्वस्तपणा आणि तिची अडचण, दोन्ही या ‘एका झटक्यात’ मध्ये आहेत. लिहिताना काही किलोबाइटांचे एक पान लिहिता येते. पुसताना मात्र एकटे पान पुसता येत नाही, कित्येक मेगाबाइटांचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून तुम्ही एका पावतीतील रक्कम बदलली, की एसएसडीतील कंट्रोलर (तिचा कारभार पाहणारी चिप) नवे पान दुसरीकडे लिहितो, जुने पान रद्द झाल्याची नोंद आपल्या तक्त्यात करतो आणि पुढे केव्हातरी, रद्द पानांनी भरलेला ब्लॉक निवडून त्यातील उरलीसुरली कामाची पाने इतरत्र हलवून तो ब्लॉक पुसतो. या आवराआवरीला मोकळी जागा लागते. खोलीभर सामान असेल तर फरशी पुसण्यासाठी तेच सामान पुन्हा पुन्हा हलवावे लागते. जवळजवळ भरलेल्या एसएसडीची अवस्था तशीच होते. संगणकाने एक जीबी लिहायला सांगितले आणि चिपवर प्रत्यक्षात तीन जीबी लिहिले गेले, तर त्यास तिप्पट लेखनवाढ म्हणतात. तिच्यामुळे वेग कमी होतो, आयुष्य घटते आणि वीजही जास्त लागते.

यात सेलचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. एका सेलमध्ये एक बिट ठेवायचा असेल तर विद्युतभाराच्या दोनच पातळ्या ओळखाव्या लागतात, तीन बिटांना आठ आणि चार बिटांना सोळा. क्यूएलसी म्हणजे चार बिटांची स्मृती. सोळा पातळ्यांत अचूक भार भरण्यास वेळ लागतो, म्हणून बहुतेक उत्पादक मोकळ्या सेलचा काही भाग तात्पुरता एका बिटाच्या पद्धतीने वापरतात आणि येणारा मजकूर आधी तेथे वेगाने उतरवून घेतात. जाहिरातीतील वेग हा या उसन्या जागेचा असतो. ती संपली की खरा वेग दिसतो, आणि क्यूएलसीच्या बाबतीत तो कधीकधी चांगल्या हार्ड डिस्कच्याही खाली जातो.

निदान करण्यापूर्वी आकडे हवेत. एसएसडी स्वतःच्या प्रकृतीविषयी ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, कृपया त्यांतील ‘डेटा युनिट्स रिटन’, ‘पर्सेंटेज यूज्ड’, ‘अव्हेलेबल स्पेअर’, ‘अनसेफ शटडाउन्स’ आणि तापमान येथे द्यावे. एसएसडी किती भरली आहे, तिच्यावर बॅकअप कोठे व किती वेळा घेतला जातो, हेही सांगावे.

कळमना_हिशेब

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. एसएसडी क्यूएलसी आहे, तिच्यात स्वतंत्र डीरॅम (तात्पुरती वेगवान स्मृती) नाही आणि हमीपत्रात ११० टीबी लेखनाची मर्यादा दिली आहे. डेटा युनिट्स रिटन सुमारे १७ कोटी १९ लाख, पर्सेंटेज यूज्ड ९१, अव्हेलेबल स्पेअर १००, अनसेफ शटडाउन्स ४१. तापमान सकाळी ५२ अंश आणि दुपारी दोन वाजता ७६ अंश होते. प्रणाली उबंटू लिनक्स आहे. ५०० पैकी ४७० जीबी भरलेले आहेत.

डेटाबेस आज १४ जीबीचा आहे. वर्षापूर्वी १३ जीबीचा होता. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत दर तासाला त्याची पूर्ण प्रत त्याच एसएसडीवर निघते. शेवटच्या ३० प्रती ठेवून सर्वांत जुनी आपोआप पुसली जाते. एकदा चुकून एक खाते पुसले गेले होते, तेव्हापासून ही खबरदारी घेतली आहे.

पान_आणि_ब्लॉक

आकड्यांनी प्रश्न जवळजवळ सोडवलाच. एनव्हीएमईच्या नोंदीत एक युनिट म्हणजे ५,१२,००० बाइट, त्यामुळे १७ कोटी १९ लाख युनिट म्हणजे सुमारे ८८ टीबी. चौदा महिने म्हणजे अंदाजे ४२५ दिवस धरले, तर रोजचे लेखन २०७ जीबी होते. कोणत्याही अडत्याच्या पावत्या दिवसाला २०७ जीबी भरणार नाहीत. आता प्रती मोजू. आठ ते नऊ या वेळेत दिवसाला १४ प्रती निघतात. प्रत्येकी सरासरी साडेतेरा जीबी धरल्यास रोज १८९ जीबी, आणि ४२५ दिवसांत सुमारे ८० टीबी. म्हणजे या एसएसडीच्या आयुष्यातील दहापैकी नऊ हिस्से लेखन केवळ प्रती काढण्यात गेले आहे, आणि त्या प्रतीही अशा की एसएसडी बंद पडली तर मूळ हिशेबांबरोबर त्याही जातील. चुकून पुसलेले खाते परत मिळवण्यापुरत्या त्या उपयोगी आहेत. बॅकअप म्हणून त्यांचा भरवसा धरता येत नाही. हे कठोर वाटेल, पण स्पष्ट सांगणे भाग आहे.

आता दर तासाच्या थबकण्याकडे वळू. मोकळी जागा ३० जीबी आहे. चार बिटांच्या सेलमध्ये एकच बिट ठेवायचा म्हटल्यास त्या जागेत जास्तीत जास्त साडेसात जीबी मावतात. तुमची प्रत १४ जीबीची आहे. म्हणजे निम्मी प्रत वेगाने उतरते आणि उरलेली थेट मंद क्यूएलसीत जाते. त्याच वेळी आधी उतरवलेला मजकूर चार बिटांच्या सेलमध्ये पुन्हा लिहिण्याचे कामही कंट्रोलरच्या अंगावर असते. या गर्दीत एखाद्या पावतीचे चार किलोबाइट रांगेत अडकतात आणि कारकुनाचा पडदा गोठतो.

सोमवारचे कोडेही यातच आहे, आणि कारकुनाचा अंदाज अगदीच चुकलेला नाही. लिनक्समध्ये फाइल पुसली म्हणजे ती जागा मोकळी झाल्याचे फाइल प्रणालीला कळते. एसएसडीला कळतेच असे नाही. तिला ते सांगण्यासाठी ट्रिम ही आज्ञा आहे, आणि उबंटूमध्ये ती देणाऱ्या एफस्ट्रिमची नेमणूक मुळात आठवड्यातून एकदा, सोमवारी मध्यरात्रीनंतरची असते. त्यामुळे सोमवारी सकाळी एसएसडीला ३० जीबी खरोखर मोकळे असल्याचे ठाऊक असते. आठ, नऊ आणि दहाच्या प्रती निघाल्या की त्या सगळ्या जागेवर एकदा लिहून झालेले असते. नंतर जुन्या प्रती पुसल्या गेल्या तरी एसएसडीच्या दृष्टीने ती जागा पुढच्या सोमवारपर्यंत भरलेलीच असते. सोमवारी साधारण अकरानंतर त्रास सुरू होतो का, हे तपासून पाहावे.

आयुष्याविषयी एक बारकावा लक्षात घ्यावा. ११० पैकी ८८ टीबी म्हणजे ८० टक्के, पण एसएसडी स्वतः ९१ टक्के सांगत आहे. ही टक्केवारी उत्पादकाच्या अंदाजाची असते आणि सामान्यतः प्रत्यक्ष पुसण्याच्या आवर्तनांवर आधारलेली असते. हमीचा हिशेब करताना उत्पादकाने जितकी लेखनवाढ धरली होती, तिच्यापेक्षा तुमच्याकडील वाढ जास्त आहे, असा याचा अर्थ लावता येतो. १०० झाले म्हणजे त्या दिवशी एसएसडी बंद पडेल असे नाही. हा आकडा २५५ पर्यंत जाऊ शकतो. पण त्यानंतर रोजचे हिशेब तिच्यावर ठेवणे मला योग्य वाटत नाही.

माझा सल्ला असा की, प्रती तत्काळ दुसऱ्या डिस्कवर वळवाव्यात आणि त्यासाठी साधी हार्ड डिस्क पुरे. सलग लेखन हे हार्ड डिस्कचे आवडते काम आहे. एसएसडीवरील जुन्या प्रती हलवून ट्रिम हाताने चालवावे व पुढे ते रोज रात्री चालेल असे करावे. नवी एसएसडी घेताना तिचा दहा-पंधरा टक्के भाग विभाजनाबाहेर कोराच सोडावा, म्हणजे आवराआवरीला कायमची जागा राहील.

बर्डीवरचा_मेकॅनिक

हिशेबात मी शिरत नाही, पण ७६ अंशांविषयी बोलणे आवश्यक आहे. बऱ्याच एनव्हीएमई एसएसडी ७० ते ८० अंशांच्या आसपास पोहोचल्या की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. नेमका आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. खोलीच ४० अंशांवर असेल, तर पेटीच्या आतील हवा त्याहून गरम असते आणि एसएसडीला थंड व्हायला वावच उरत नाही. दुपारी त्रास अधिक होतो, त्याचे हे दुसरे कारण.

एसएसडी मदरबोर्डवर कोठे बसवली आहे ते पाहावे. ग्राफिक्स कार्डाखालची खाच सर्वांत वाईट. दुसरी असेल तर तेथे हलवावी. ॲल्युमिनियमची पट्टी बसवलेली असल्यास ती उघडून खालच्या मऊ पॅडवरील प्लास्टिकचा पापुद्रा काढला आहे का, हे अवश्य पाहावे. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत हा पापुद्रा इतक्या वेळा तसाच सापडतो की, आता मी सर्वांत आधी तेच तपासतो.

एक विनंती आहे. संगणक डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. खोली थंड होते हे खरे, पण ओलसर हवेबरोबर धूळ आत जाऊन तिचा चिखलासारखा थर पंख्यावर बसतो आणि जोडण्यांवर गंज चढतो. कूलर खोलीसाठी असू द्यावा आणि संगणकाच्या पेटीला समोरून आत व मागून बाहेर असा साधा पंख्याचा वारा द्यावा. तापमानाचा आकडाही एकदा हात लावून खरा वाटतो का ते पाहावे. मे २०२४ च्या अखेरीस आपल्याच शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर तो संवेदकाचा दोष निघाला, हे सर्वांना आठवत असेलच.

४१ वेळा अचानक बंद झालेला संगणक म्हणजे यूपीएसची बॅटरी संपलेली आहे. ती आजच बदलावी.

धरमपेठ_डीबीए

मेकॅनिकसाहेबांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा देतो. डेटाबेस पावती नोंदवताना ‘हे खरोखर लिहिले गेले का’ असे एसएसडीला विचारतो आणि होकार येईपर्यंत थांबतो. घरगुती एसएसडीला त्या वेळी मजकूर प्रत्यक्ष नॅंडमध्ये उतरवावा लागतो. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत वीज गेल्यावरही हातातले काम पूर्ण करण्यापुरता भार साठवणारे कपॅसिटर असतात, त्यामुळे ती मजकूर स्वतःच्या डीरॅममध्ये येताच निर्धास्तपणे होकार देऊ शकते. छोट्या छोट्या नोंदी सतत होत असतील, तर या एका गोष्टीने पडणारा फरक जाहिरातीतील प्रतिसेकंद ७,००० एमबीच्या आकड्याने पडत नाही. नवी खरेदी करताना तीन बिटांच्या सेलची, डीरॅम असलेली आणि शक्य तर कपॅसिटर असलेली एसएसडी घ्यावी. कमाल वेगाकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.

आज्ञावलीतही पाहण्यासारखे आहे. पावतीतील प्रत्येक ओळ स्वतंत्र व्यवहार म्हणून नोंदवली जात असावी, अशी मला शंका आहे. अनेक स्थानिक आज्ञावलींत तसे आढळते. बारा ओळींची पावती म्हणजे बारा वेळा होकाराची वाट पाहणे. संपूर्ण पावती एकाच व्यवहारात बसवल्यास वाट पाहणे एकदाच होते, आणि अर्धवट पावती नोंदली जाण्याचा धोकाही टळतो. दुसरे असे की, प्रत्येक चेकपॉइंटनंतर (बदललेली पाने मूळ फाइलींत उतरवण्याच्या टप्प्यानंतर) एखादे पान प्रथम बदलले की पोस्टग्रेस ते ८ केबीचे पान संपूर्णच आपल्या डब्ल्यूएएल या नोंदवहीत लिहितो. चेकपॉइंटची मुदत मुळात पाच मिनिटांची असते. ती वीस-तीस मिनिटांवर नेली आणि नोंदवहीची कमाल मर्यादा त्या प्रमाणात वाढवली, तर हे लेखन बरेच घटते. अचानक बंद पडल्यावर सुरू होण्यास थोडा अधिक वेळ लागेल, इतकाच तोटा.

एसएसडीकडे लेखनाचा होकार मागणारे एफसिंक बंद करण्याचा सल्ला आपणास कोठेतरी वाचायला मिळेल. तो कृपया मानू नये; वीज गेल्यास संपूर्ण डेटाबेस निकामी होऊ शकतो. सिंक्रोनस कमिट, म्हणजे प्रत्येक नोंदीनंतर होकाराची वाट पाहणे, बंद करणे त्या मानाने सौम्य आहे, कारण डेटाबेस शाबूत राहतो आणि शेवटच्या क्षणांतील नोंदीच हरवतात. पण ज्याच्या हातात छापील पावती गेली आहे, त्या शेतकऱ्याला ‘आमच्याकडे नोंद नाही’ असे सांगण्याची वेळ येऊ नये, म्हणून हिशेबाच्या कामात मी तेही करत नाही.

दर तासाच्या पूर्ण प्रतीऐवजी रात्री एक पूर्ण प्रत आणि दिवसभर डब्ल्यूएएलच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर साठवत जाणे, ही रीत अधिक चांगली. तिच्यामुळे चुकून पुसलेले खाते पुसण्याच्या आधीच्या मिनिटापर्यंत परत आणता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या पोस्टग्रेसच्या १७ व्या आवृत्तीपासून फक्त बदललेल्या भागांची प्रत घेण्याची सोयही आहे.

कळमना_हिशेब

सोमवारचे निदान तंतोतंत जुळले. आज मुद्दाम लक्ष ठेवले. दहाची प्रत निघाली तोपर्यंत ठीक होते आणि अकराला पहिल्यांदा अडखळले. ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली पापुद्राही तसाच होता, हे सांगताना संकोच वाटतो. नवी एसएसडी वरील सल्ल्याप्रमाणे घेत आहे. राहिला तो कपाटाचा प्रश्न.

पान_आणि_ब्लॉक

जुनी एसएसडी बॅकअपसाठी कपाटात ठेवू नये. सेलमधील विद्युतभार अतिशय संथपणे झिरपत असतो आणि हे झिरपणे दोन गोष्टींनी वाढते, झीज आणि उष्णता. आपली एसएसडी ९१ टक्के झिजलेली आहे, तिच्यात सोळा पातळ्या दाटीवाटीने बसवलेल्या आहेत आणि आपले कपाट तापलेल्या भिंतीला टेकलेले आहे. प्रतिकूल म्हणाव्यात अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत.

यासाठी जेडेक या मानक संस्थेची जेईएसडी २१८ ही कसोटी आहे. तिच्यानुसार घरगुती वर्गातील एसएसडीने आपले ठरलेले लेखन-आयुष्य पूर्ण संपवल्यानंतरही, वीज न देता ३० अंशांवर एक वर्ष मजकूर टिकवला पाहिजे. सर्व्हर वर्गासाठी हीच अट ४० अंशांवर तीन महिन्यांची आहे. या कसोट्यांमागील गणितानुसार साठवणीचे तापमान पाच अंशांनी वाढले की मुदत साधारण निम्मी होते. म्हणजे पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीसाठी ४० अंशांच्या कपाटात वर्षाचे जेमतेम तीन महिने उरतात. एप्रिल, मे आणि जून. मात्र हे आकडे आयुष्य संपलेल्या एसएसडीचे आहेत, हे विसरू नये. मध्यंतरी याच तक्त्याचा विपर्यास होऊन कोरी एसएसडीसुद्धा काही दिवसांत सारे विसरते, असा गवगवा झाला होता. कमी वापरलेली एसएसडी याहून पुष्कळ जास्त काळ मजकूर टिकवते.

एक गंमतीदार बाब अशी की, चालू असतानाची ऊब नॅंडला तितकी वाईट नसते. पुसण्या-लिहिण्यामुळे सेलच्या ऑक्साइड थराला होणारी इजा उष्णतेत काहीशी भरून निघते. म्हणून एसएसडी थंड ठेवायची ती मुख्यतः कंट्रोलरसाठी आणि वेगासाठी. बंद ठेवलेली एसएसडी मात्र जितकी थंड जागी असेल तितके चांगले.

कपाटासाठी दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. एक कार्यालयात आतल्या भिंतीशी आणि एक घरी, दर आठवड्याला अदलाबदल करून. तीन-चार महिन्यांतून एकदा डिस्क नुसती जोडून ठेवू नये, तिच्यावरील प्रत संपूर्ण वाचून चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळतो का हे पाहावे आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून डेटाबेस दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उभा करून पाहावा. जुनी एसएसडी टाकून देण्याची गरज नाही. ज्यावर लेखन नगण्य आहे आणि मजकूर गेला तरी चालेल, अशा कामाला ती अजून पुष्कळ दिवस उपयोगी पडेल. वाचनाने क्यूएलसी फारशी झिजत नाही.

सोनेगाव_निवृत्त

डिफ्रॅगमेंटेशनचा सल्ला मागे घेतो. घरच्या लॅपटॉपवर गेली तीन वर्षे दर महिन्याला हाताने करत होतो, ते आज थांबवले.

कळमना_हिशेब

नवी एसएसडी बसवून बारा दिवस झाले. तिचा ८० जीबी भाग कोरा सोडला आहे आणि ट्रिम रोज रात्री चालते. पावतीची नोंद एकाच व्यवहारात व्हावी, यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याने आठ दिवस मागितले होते. काम तिसऱ्याच दिवशी झाले. रोजचे लेखन २०७ जीबींवरून ११ जीबींवर आले आहे आणि दुपारी दोनचे तापमान ६१ अंश आहे. रात्रीची पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर जाते. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या, तेव्हा जुन्यांपैकी एक फुगलेली निघाली. जुनी एसएसडी आता पुढच्या खोलीतील बाजारभावाचा फलक चालवणाऱ्या संगणकात आहे आणि कपाट पूर्वेच्या भिंतीला सरकवले आहे. ते सरकवायला चार हमाल लागले.